रिकाम्या मुशीचा रंग

६ मार्च १९६९

नांदुऱ्याला गाडीतून उतरले तर हमालाच्या कानामागे अजून धुळवडीचा रंग होता. माझी पेटी उचलून त्याने विचारलं, आत दगड भरलेत का, मी हो म्हटलं, कारण खरोखरच काही होते. तो हसला, मीही हसले. आज दिवसभर मी हसतेच आहे. नव्या नोकरीच्या गावी पहिल्या दिवशी माणसाने हसतमुख असावं, आणि मला तर हसायला दुप्पट कारण आहे.

जीपने पूर्णेच्या काठाकाठाने गव्हाणखेडला आणलं. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात आमचा कॅम्प आहे. सरकी साठवायच्या खोलीत प्रयोगशाळा, जुन्या कचेरीत कॅम्पचे प्रमुख रंगराव साहेब, मागच्या खोलीत मी. खिडकीतून नदीचे उंच काळे काठ दिसतात, आणि त्या काळ्यात मध्येच खडूने ओढल्यासारखा एक पांढरा पट्टा. तीच आमची राख.

साहेबांनी चहा दिला आणि काम समजावलं. मला ते सगळं ठाऊक होतं, तरी मी मान डोलावत ऐकलं. हजारो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे कुठेतरी ज्वालामुखी फुटला, त्याची राख वाऱ्याने इथवर आली आणि नदीने ती गाळाखाली झाकून ठेवली. एका स्फोटाची राख कुठेही सापडो, तिची रासायनिक घडण एकच असते. त्यामुळे लांबलांबच्या दोन काठांत तीच राख निघाली की ते थर एकाच काळातले, आणि एकाचं वय कळलं की दुसऱ्याचंही कळलं. साहेबांच्या मते इथे दोन वेगळ्या राखा आहेत, नदीकाठच्या उंबराच्या झाडाखालच्या दरडीतली जुनी आणि कॅम्पने खणलेल्या चरातली त्यामानाने नवी. डोळ्यांना दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात. फरक रसायनाने सिद्ध करायचा, आणि ते काम माझं.

मग कप खाली ठेवून ते इंदरबद्दल बोलले. इंद्रभान माझा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी तो याच कॅम्पवर होता, आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटल्यावर थोड्याच दिवसांत उंबराची दरड त्याच्या अंगावर कोसळली. साहेब म्हणाले, आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः काठीने दरड ठोकून पाहिली होती, आवाज पोकळ आला म्हणून तिथे जायचं नाही असं बजावलं होतं, तरी सकाळी तो एकटाच गेला. आमच्या घरात मिळवणारं कुणी उरलं नाही म्हणून त्यांनी मला बोलावून ही जागा दिली. मी त्यांचे आभार मानले. खोटं बोलणाऱ्या माणसाचे आभार किती गोड मानता येतात ते मला आज कळलं.

इंदर पाण्यात पाय टाकायचा तोही विचारून. बजावलेल्या जागी तो जाणार नाही. तो चरात मेला, यांच्या चरात, आणि दोष टाळायला यांनी त्याला उचलून उंबराखाली नेऊन टाकला. हे मला सिद्ध करायचं आहे. त्यासाठीच मी आले आहे.

१२ मार्च

चर पाहून आले. जिनिंगमागेच आहे, दोन माणसं उंचीचा, अरुंद, लाकडाचा टेकू कुठेच नाही. उजवीकडची भिंत गेल्या वर्षी ढासळली होती आणि नव्याने कापली, असं मजूर सहज बोलून गेले. साहेबांना विचारलं तर म्हणाले, पावसाने ढासळली. पाऊस बिचारा, त्याच्यावर काहीही ढकलावं.

साहेब कोणत्याही दरडीखाली जाण्याआधी काठीच्या लोखंडी टोकाने ती ठोकतात आणि कान लावून उभे राहतात. भरीव आवाज आला तर आत, पोकळ आला तर दरड कोसळणार म्हणून माघारी. आपल्या जिवाला फार जपतात.

दोन्ही राखांची तपासणी झाली. चिमूटभर राख चिनी मातीच्या मुशीत क्षारासोबत वितळवायची, आम्लात विरघळवायची आणि वरून पेरॉक्साइडचे थेंब सोडायचे. राखेतल्या टायटॅनियममुळे पाण्याला पिवळा रंग चढतो. उंबराची राख फिकट पिवळी येते, ताकावरच्या निवळीसारखी. चरातली गडद येते, केशर घातल्यासारखी. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, चूक नाही. दोन राखांबद्दल साहेब खरे ठरले, आणि मला त्यांच्याविरुद्ध साक्षीदार मिळाला.

इंदरचं घड्याळ माझ्या पेटीत आहे. त्याच्या अंगावरून काढून ते आईकडे पाठवलं होतं. काच तडकलेली, आत पांढरी राख गच्च बसलेली. आईने ते पुसू दिलं नाही. ती राख गडद आली की रंगराव साहेबांचं काय करायचं ते मी ठरवीन.

साहेबांचा एक नियम आहे. रोज कामाआधी एक रिकामी मूस तशीच तापवायची, तिच्यातही थेंब सोडायचे, आणि रंग येत नाही याची खात्री करायची. भांडंच अस्वच्छ असेल तर ते आपली राख दुसऱ्याच्या नावावर दाखवतं, असं ते मला म्हणाले. हे मला पहिल्या वर्षाच्या मुलीसारखं शिकवतात.

१९ मार्च, पाडवा

आम्लाची बाटली निसटून डावा हात पोळला. पट्टी बांधली आहे. साहेबांनी स्वतः जीप काढून डॉक्टरकडे नेलं आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. अपराधी माणसं अशीच गप्प असतात.

भांडी घासायला आता गोजरबाई येते. पन्नाशीची, ठणठणीत, तोंडाची फटकळ. तिने माझ्या सगळ्या मुशी आणि काचभांडी अशी लख्ख केली की मला माझीच लाज वाटली. कशाने घासलीस म्हटलं तर म्हणाली, "आमी कशानं घासतो? मातीनं." मी हसले. इतकी चकाकी मला साबणानेही आली नव्हती.

२६ मार्च

गोजरबाईला इंदर आठवतो. तिच्या हातची भाकर त्याला आवडायची. मी त्याची बहीण हे ऐकून ती उंबऱ्यावरच बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. मग तिने एक गोष्ट सांगितली. दरडीखाली मेलेल्या माणसाची पांढरी माती त्याच्या रक्ताच्या माणसाने तळहातावर घ्यायची आणि ज्याच्यामुळे तो मेला त्याच्या दाराच्या चौकटीला लावायची. मग दरड त्याला घेऊन जाते. तो कुठेही असो.

तिच्या आईच्या वेळी एका ठेकेदाराला अशी माती लावली होती. तो स्वतःच्या घरात पलंगावर मेला. तोंड उघडलं तर घशापर्यंत पांढरी माती.

"पन आखाजीच्या आंदी लावा लागते, ताई," ती म्हणाली. "आखाजीले त्याची घागर भरली का तो पितर झाला. मंग त्याचं कोनावर काई चालत नाही." आणि उठता उठता म्हणाली, "अन् खात्री पाह्यजे. खोटं नाव घेतलं तं माती परत फिरते. जिनं लावली तिच्याच हातावर येते."

मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. हे सगळं कागदावर लिहितानाही मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. खात्री मी देऊ शकते, हेच डोक्यात घोळत राहिलं.

५ एप्रिल

साहेबांनी इंदरच्या नावाने काहीतरी करायचं म्हणून उंबराखाली दगड बसवायला सांगितला आहे. मजुरांना हौसेने सूचना देत होते. मी खिडकीतून पाहत होते. माझ्या भावाला मारून त्याच्यावर दगड रोवणारा हा माणूस रोज सकाळी मला विचारतो, हात कसा आहे. माझ्या दाढा दुखतात इतक्या मी त्या आवळते.

आखाजी एकोणीस तारखेला आहे.

१० एप्रिल

घड्याळ उघडलं. सुईच्या टोकाने राख काढून कागदावर घेतली. दोन भाग केले, एक काड्यापेटीत परत ठेवला, एक मुशीत घातला. हात पोळल्यापासून तपासणीचं काम बंदच होतं, आणि रिकाम्या मुशीची तपासणी आजही केली नाही. गोजरबाईने घासलेली मूस आरशासारखी होती, आणि मला थांबवत नव्हतं.

थेंब सोडले.

गडद. केशरासारखा गडद.

इंदर चरात मेला. मी जमिनीवर बसून रडले, आणि रडता रडता मला इतकं बरं वाटलं की त्याचीही भीती वाटली. इतके दिवस मी मनात एका माणसाला दोषी ठरवत होते, आता काचेच्या नळीत त्याचा दोष उभा होता. दुपारी साहेब जेवायला गेले तेव्हा चरात उतरले, ढासळलेल्या भिंतीची राख उजव्या तळहातावर घेतली, भिजवली, आणि कचेरीच्या चौकटीला पाचही बोटांनी लावली. त्यांचं पूर्ण नाव घेतलं. आवाज अजिबात कापला नाही.

१२ एप्रिल

साहेबांच्या सदऱ्याच्या कॉलरवर आतून पांढरं येतं. दोनदा बदलला. चहा पिताना दातांखाली काहीतरी कचकचलं, त्यांनी रुमालात थुंकलं आणि रुमाल घडी करून लपवला. मी पाहिलं. मी विचारलं, बरं आहे ना. ते म्हणाले, सरकीची धूळ असेल.

चौकटीवरची माती अजून ओली आहे. एप्रिलच्या उन्हात.

१४ एप्रिल

ते आवारातून चालले की मागे काळ्या मातीवर पांढरी पावलं उमटतात. मजुरांनी पाहिली, आज निम्मेच आले. गोजरबाई माझ्याकडे बघत नाही, पण भांडी घासून जाते.

आज साहेबांनी मला बोलावून विचारलं, चराच्या भिंतीतून आवाज येतो का. आतून कुणीतरी ठोकतं, म्हणाले, आधी भरीव, मग पोकळ. डोळे आत गेले आहेत त्यांचे. मी म्हटलं, मला काही ऐकू येत नाही. मलाही येत होता. त्यांच्याइतकाच स्पष्ट. माझा भाऊ माझ्या बाजूने उभा राहिला होता, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

१६ एप्रिल

झालं.

भर दुपारी साहेब कचेरीतून निघाले, हातात काठी, पण भिंतीला टेकवली नाही. सरळ चरात उतरले, आपल्या खोलीत शिरावं तसे. मी काठावर उभी होते. त्यांनी वर पाहिलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, मला तो हवा होता. तोंड उघडून काहीतरी म्हणाले, शब्दाऐवजी पांढरी राख बाहेर आली, आणि उजवीकडची भिंत आवाज न करता त्यांच्यावर बसली.

मजुरांनी उकरून काढलं तेव्हा ते बसलेले होते. तोंड गच्च भरलेलं. काठी सापडली नाही, सगळा चर उपसला तरी.

मला आज पोटभर जेवण गेलं.

१९ एप्रिल, आखाजी

इंदरची घागर भरली. वर खरबूज ठेवलं, आंब्याचं पान ठेवलं. गोजरबाईने सांजोरी करून दिली. जा बाबा, तुझं काम झालं, असं त्याला म्हटलं. खूप हलकं वाटलं. जीप आली की आईकडे जाईन आणि तिला सगळं सांगेन.

२१ एप्रिल

सामान आवरत होते. मागच्या दारी गोजरबाई माझ्या मुशी घासत होती. तिच्याजवळ एक डबा. डब्यात पांढरी भुकटी. नारळाच्या शेंडीवर घ्यायची आणि मुशीच्या आत गोल गोल फिरवायची.

मी विचारलं, ही कुठली माती.

"तुमच्याच चरातली हो, ताई. बाहीर ढीग पडेल हाये ना, त्याच्यातली. लई बारीक हाये. गावात समद्या बाया भांड्याले हेच लावतात."

केव्हापासून, मी विचारलं. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. पाडव्यापासून. काऊन, काई चुकलं का?

मी आत आले. एक घासलेली मूस घेतली. काही न घालता तापवली. थेंब सोडले.

गडद.

रिकाम्या मुशीचा रंग गडद.

२२ एप्रिल

पेटीच्या तळाशी एक कोरी मूस होती, नागपूरहून आणलेली, अजून कागदात. तिला कुणी हात लावलेला नाही. आधी रिकामी तापवली. रंग नाही. पुन्हा तापवली. रंग नाही. मग काड्यापेटीतला घड्याळाचा उरलेला भाग घातला.

फिकट.

उंबराची राख. इंदर उंबराखालीच मेला. एकटा गेला. का गेला मला ठाऊक नाही, आता कधीच कळणार नाही. पण साहेब खरं बोलत होते, पहिल्या दिवसापासून, चहा देताना, जीपमध्ये गप्प बसताना. आणि मी त्यांना

त्यांनी सांगितलं होतं. रिकामी मूस आधी.

२३ एप्रिल

उजवा तळहात धुते. धुतला की रेषांमधून पुन्हा वर येते. बारीक, पांढरी. साबण, आम्ल, सगळं झालं.

गोजरबाईला दाखवला. तिने पाहिलं आणि मागे सरकली. इंदरला बोलव म्हटलं, तो वाचवील मला. ती म्हणाली, घागर भरली ना तुमी त्याची. आता तो कसा येईन.

तिने तिची भांडी उचलली. पुन्हा आली नाही.

२४ एप्रिल

कचेरीची चौकट खरवडली. माती निघत नाही. पाच बोटं. ओली.

माझी पावलं पांढरी उमटतात.

२५ एप्रिल

नांदुऱ्यापर्यंत गेले. तिकिटाच्या खिडकीशी तोंड उघडलं, गावाचं नाव सांगायला — राख पडली. ओंजळभर. मागची बाई लेकराला घेऊन बाजूला झाली. माझ्याच पेटीवर बसले. गाडी आली, गेली.

आईच्या घरी हे घेऊन जाणार नाही. परत आले.

कॅम्पवर कुणी नाही.

२६ एप्रिल

भांगात राख. गादीवर राख. पाणी पिते ते घट्ट.

भिंतीत ठोकतंय. प्रयोगशाळेच्या. लोखंडाच्या टोकाने. ठोकतं, मग थांबतं. ऐकत असल्यासारखं.

२७ एप्रिल

एक आशा होती ती लिहून ठेवते. वाटलं, इंदरच असेल. रागावला असेल माझ्यावर, पण इंदर. तो मला काही करणार नाही.

तीच नागपूरची मूस, आम्लाने धुतलेली. रिकामी तापवली — रंग नाही. नियमाप्रमाणे. मग तोंडात बोट घालून राख काढली. जिभेखालची. वितळवली. थेंब सोडले.

या वेळी चूक नाही. भांडं स्वच्छ. तपासणी पूर्ण.

गडद.

चरातली. साहेब —

साहेब, मला ठाऊक नव्हतं, मी खात्री

दुपार आहे. लख्ख ऊन. भिंत हलते आहे, माझ्या पाठीमागची, चराच्या बाजूची. ते ठोकत ठोकत येतायत, एकेक हात पुढे — भरीव — भरीव — त्यांना पोकळ जागा सापडत नाही अजून — भरीव —

श्वास धरून बसले आहे. छातीत राख आहे, भरलेली आहे, आवाज भरीवच येईल, भरीव

आता अगदी पाठीला टेकलं टोक. थंड. थांबले. ऐकतायत.

पोक